आधी बूड बघा, मग सही

जुन्या ऑस्ट्रेलियन आर्ट पॉटरीचं भांडं कोणाच्या हातात दिलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कोणाचं आहे?" आणि लगेच उलटं करून खाली नाव शोधणं सुरू. नाव सापडलं की चेहरा खुलतो, नाही सापडलं की भांडं परत फळीवर. मला हे बघवत नाही. उलटं मीही करते, सगळ्यात आधी तेच करते, पण नाव वाचायला नाही, बूड बघायला. माती कुठल्या रंगाची आहे, चाकावरून तारेने कापून काढल्याच्या रेषा आहेत का, कड घासून सपाट केलीये का, ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, कुठे थांबलाय, भट्टीत ज्या तिकटीवर टेकवलं होतं तिच्या टोकांचे तीन ठिपके दिसतायत का. हे सगळं बघून झालं की मग सही. कारण सही फार तर कारखान्याचं नाव सांगते, हात कोणाचा ते बऱ्याचदा सांगतच नाही, आणि माझा सगळा जीव त्या हातातच अडकलेला असतो.

मी मेलबर्नला राहते, त्यामुळे ह्या नादाला लागायला जागा चांगली मिळाली. इथे ऑप शॉप म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, कॅम्बरवेलचा रविवारचा बाजार आहे, कुणाचं तरी जुनं घर रिकामं होताना लागणारे सेल आहेत, आणि ह्या शहरातच १९१० पासून १९५० च्या दशकापर्यंत इतकी पॉटरी बनली की अजून ती कपाटांच्या वरच्या फळ्यांवरून खाली येतेच आहे. लोकांना वाटतं ऑस्ट्रेलियात जुनं काय असणार, सगळं इंग्लंडहून आलेलं. घरातल्या कपबशांच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. पण गमनटचे, म्हणजे युकॅलिप्टसच्या (इथे त्याला गम म्हणतात) टणक फळांचे घोस, युकॅलिप्टसची वळलेली पानं, फांदीच्या आकाराचा कान, त्याला बिलगून बसलेला कोआला आणि वरून ओघळत आलेलं हिरवं-तपकिरी ग्लेझ, हे इथल्या मातीतच झालेलं काम आहे.

थोडं मागे जाऊन सांगते, कारण हे कळल्याशिवाय ओळखताना गोंधळ होतो. इथले बरेचसे मातीकामाचे कारखाने मुळात विटा, ड्रेनेजचे पाइप, बरण्या, जिंजर बिअरच्या बाटल्या असलं रोखठोक सामान बनवणारे. बेंडिगो पॉटरी जॉर्ज डंकन गथ्री ह्या स्कॉटिश कुंभाराने १८५८ मध्ये सुरू केली, ती आजही चालू आहे. सिडनीत मॅशमन होते, मेलबर्नच्या ब्रन्सविकमध्ये हॉफमन ब्रिक कंपनी. मग १९३० च्या आसपास मंदी आली, बांधकामं थंडावली, विटा आणि पाइप कोण घेणार, आणि त्याच सुमारास स्कलिन सरकारने परदेशी मालावरची जकात बरीच वाढवली, त्यामुळे बाहेरच्या फुलदाण्या महागल्या आणि इथे बनवलेल्यांना गिऱ्हाईक मिळायला लागलं. बेंडिगोची वेव्हर्ली वेअर, हॉफमनची मेलरोज वेअर, मॅशमनची रीगल मॅशमन, ही सगळी त्या दशकातली पिलावळ. मला हा भाग फार आवडतो. विटा भाजणाऱ्या भट्टीतून पॉसम (झाडावर राहणारा इथला छोटा प्राणी) बसलेली फुलदाणी बाहेर पडते, ह्यात काहीतरी जबरदस्त जिद्द आहे.

आता ओळखायचं कसं त्याकडे येते.

पहिला प्रश्न, भांडं चाकावर घडवलंय, साच्यात ओतलंय, की हाताने वळ्या रचून किंवा पाट्या जोडून केलंय? हे कळलं की अर्धी नावं आपोआप गळतात. आणि हे कळायला पुस्तकं लागत नाहीत, हात आत घालावा लागतो. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई इथे आल्या होत्या, मी त्यांना काकूच म्हणते, त्यांना ऑस्ट्रेलियन पॉटरीतलं एक नाव माहीत नव्हतं. टेबलावर दोन फुलदाण्या होत्या, दोन्हींवर गमची पानं, दोन्ही हिरव्या, लांबून बघितलं तर बहिणी-बहिणी. काकूंनी काही न विचारता एकीत हात घातला आणि म्हणाल्या, "अगं, हिच्या आत बोटांच्या वाटा आहेत, गोल गोल वर गेलेल्या." मग दुसरीत घातला. "आणि हिच्यात बघ, बाहेर जिथे पान आहे ना तिथे आतून खड्डा लागतोय." झालं की! पहिली चाकावरची, पान नंतर वरून लावलेलं, ती रेम्यूड. दुसरी साच्यातली, पानासकट एकाच ओतणीत झालेली, ती मेलरोज. साच्यात पातळ चिखल ओततात, तो साच्याला सगळीकडे सारख्या जाडीने धरतो आणि उरलेला ओतून टाकतात, म्हणून बाहेरचा उंचवटा आतून खोलगट लागतो. चाकावरच्या भांड्यात आतली भिंत पानाची फिकीर करत नाही. शिवाय साच्यातल्या भांड्याला कुठेतरी उभी सांध्याची रेष असते, कितीही पुसली तरी कानाच्या खाली किंवा तळाजवळ बोटाला लागतेच.

रेम्यूडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सुरुवात करणाऱ्यांना बहुतेक पहिली भेटते ती हीच आणि माझी सगळ्यात लाडकी पण हीच. मेलबर्नच्या उत्तरेला प्रेस्टन नावाचं उपनगर आहे, तिथे १९२९ मध्ये डेव्हिड डी आणि रेज हॉकिन्स ह्यांनी प्रीमियर पॉटरी सुरू केली. सुरुवातीच्या भांड्यांवर पीपीपी असतं, म्हणजे प्रीमियर पॉटरी प्रेस्टन, काहींवर पामेला, आणि मग १९३० च्या दशकात रेम्यूड हे नाव आलं, ते ड्यूमर ह्या आडनावाची अक्षरं उलटी लावून केलेलं. पुढे १९५० च्या दशकापर्यंत तेच चाललं. म्हणजे पीपीपी आणि रेम्यूड हे दोन वेगळे कारखाने नाहीत, हे लक्षात ठेवा, कारण विकणारे बरेच जण दोन वेगळी लेबलं लावून वेगवेगळ्या कपाटात ठेवतात.

माझ्याकडचा एक रेम्यूडचा जग घेऊन सांगते. उंचीला वीतभर. वरच्या कडेला निळं, मध्ये हिरव्यात मिसळलेलं, खाली येता येता तपकिरी-पिवळं, आणि ही तिन्ही एकमेकांत वाहून गेलेली, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. कान म्हणजे एक फांदी, दोन जागी गाठी असलेली, आणि जिथे ती फांदी पोटाला मिळते तिथून दोन पानं आणि तीन गमनट खाली आलेत. पान बघा नीट. मधली शीर एखाद्या टोकदार काडीने एका दमात ओढलीये, सुरुवातीला खोल आणि टोकाशी हलकी, बाजूच्या शिरा फक्त एकाच अंगाला आहेत, दुसऱ्या अंगाला काढल्याच नाहीत, आणि पानाची कड पोटाला चिकटवताना करंजीची कड दाबतो तशी अंगठ्याने दाबलीये, एका ठिकाणी तर अंगठ्याचा ठसा ग्लेझखालून अजून दिसतो. गमनटची टोपी वेगळी केलेली नाही, गोळीला वरून बारीक नळी दाबून वर्तुळ उमटवलंय बस. किती झटपट केलंय आणि किती नेमकं केलंय! हे काम करणाऱ्या बाईंना दिवसात अजून कितीतरी भांडी उरकायची असणार, आणि तरी एकही पान दुसऱ्यासारखं नाही.

बाई असं मुद्दाम लिहिलं. रेम्यूडची पानं, गमनट, कोआला हे लावायचं काम आणि आकारांचं डिझाइन मुख्यतः मार्गारेट कर ह्यांचं. बुडावर त्यांचं नाव नसतं, बुडावर असतं रेम्यूड आणि एक आकाराचा नंबर. मी म्हटलं ना सही हात सांगत नाही, ते ह्याच्यासाठी. ह्या काळातली ऑस्ट्रेलियन आर्ट पॉटरी गोळा करायला लागलात की लवकरच लक्षात येतं की आपण मुख्यतः बायकांनी केलेलं काम गोळा करतोय. उना डीरबन, तिची भांडी दणकट, भरगच्च, कानांना पिळे घातलेली. मार्गारीट महूड, ड्रॅगन आणि जाळीदार कोरीवकामासाठी प्रसिद्ध, पुढे तिने व्यंगचित्रांच्या इतिहासावर पीएचडी केली. सिडनीच्या ग्रेस सेकम्ब, ज्यांचे कूकाबरा आणि छोटे पक्षी बघितले की पिसं मोजावीशी वाटतात. आणि मेरिक बॉईडच्या कित्येक भांड्यांवर रंगकाम त्याची बायको डोरिस हिचं आहे, लिलावाच्या यादीत मात्र मोठ्या अक्षरात एकटा मेरिक. कधीकधी दोघांची नावं कोरलेली भांडी पण सापडतात, ती मला जास्त मोलाची वाटतात, बाजारभाव काहीही असो.

बॉईड घराण्याचा विषय निघालाच आहे तर तो नीट समजून घ्यायला हवा, कारण ह्या एका आडनावाने जेवढा घोळ होतो तेवढा कशानेच होत नाही. मेरिक बॉईड (१८८८ ते १९५९) मेलबर्नच्या मरम्बीनामध्ये राहायचा, ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या स्टुडिओ पॉटर्सपैकी, म्हणजे कारखान्याऐवजी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांपैकी एक, हाताने वळवलेली झाडं, वाऱ्यात वाकलेले बुंधे, प्राणी, सगळं जिवंत आणि थोडं वेडंवाकडं. १९२६ मध्ये त्याची वर्कशॉप जळली. त्याची सही हाताने कोरलेली, बऱ्याचदा वर्षासकट. मग १९४४ मध्ये त्याचा मुलगा आर्थर, म्हणजे पुढे मोठा झालेला चित्रकार आर्थर बॉईड, जॉन पर्सिव्हल आणि पीटर हर्ब्स्ट ह्यांनी तिथेच आर्थर मेरिक बॉईड पॉटरी काढली, तिचा मार्क एएमबी. ही रोजच्या वापराची भांडी, कप, वाडगे, जग, वर मोकळ्या हाताने केलेलं रंगकाम. म्हणजे एएमबी दिसलं की ते मेरिकचं नाही.

तिसरा फाटा मार्टिन बॉईड. मेरिकचा दुसरा मुलगा गाय, ह्याने १९४६ मध्ये सिडनीत पॉटरी काढली आणि नाव दिलं मार्टिन बॉईड पॉटरी, मार्टिन हे त्याचंच मधलं नाव. त्यात भर म्हणजे घराण्यात मार्टिन बॉईड नावाचा एक काका कादंबरीकार होता, त्याचा ह्या भांड्यांशी काही संबंध नाही. बरं, गाय काही वर्षांनी मेलबर्नला परत आला आणि स्वतःच्या नावाने काम करायला लागला, सिडनीची पॉटरी मात्र मार्टिन बॉईड ह्याच नावाने चालूच राहिली. त्यामुळे मार्टिन बॉईड लिहिलेलं प्रत्येक भांडं कोणा बॉईडच्या हातचं असेलच असं नाही. पन्नाशीच्या दशकातल्या त्या छोट्या बश्या, रामेकिन, ॲशट्रे अजून भरपूर मिळतात, सुंदर असतात, स्वस्तही असतात, त्या त्यांच्या जागी घ्याव्यात. त्यांना मेरिकच्या झाडाच्या शेजारी बसवून किंमत लावणारे विक्रेते भेटतात, तिथे नमस्कार करून पुढे जायचं.

असाच दुसरा जुळ्या नावांचा फेरा पेट. सिडनीला पेट्स पॉटरी होती, साच्यातल्या गुळगुळीत फुलदाण्या, शंखासारख्या, पानासारख्या, फिकट रंगांत एकमेकांत मिसळत गेलेलं ग्लेझ, खाली साच्यातच आलेलं किंवा शिक्क्याचं पेट्स आणि ऑस्ट्रेलिया. आणि मेलबर्नला क्लायटी पेट (१९१२ ते २०१०), क्रिश्चन वॉलर ह्या चित्रकार बाईंची भाची, तिचं काम म्हणजे कोरून काढलेल्या आकृत्या, जाळी, ताऱ्यांची आणि पानांची नक्षी, झाकणाच्या बरण्या, सगळं चाकावरचं आणि सही हाताने कोरलेली पूर्ण नावाची. एक कारखाना, एक कलावंत. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. इथेही उत्तर बुडातच आहे, पण शेवटच्या अक्षरात नाही, सांध्याच्या रेषेत आहे. क्लायटी पेट म्हणून दाखवलेल्या भांड्याला साच्याचा सांधा लागला तर पुढे बोलायची गरजच नाही.

आता सहीबद्दल, कारण सही खोटीही असते. भट्टीत जायच्या आधी ओल्या मातीत कोरलेलं अक्षर आणि नंतर भाजलेल्या भांड्यावर खरवडलेलं अक्षर, ह्यांत फरक इतका स्पष्ट असतो की एकदा भिंगाखाली बघितलं की कधी विसरत नाही. ओल्या मातीत काडी फिरली की दोन्ही बाजूंना माती किंचित वर येते, तिची बारीक कड उभी राहते, वळणावर अक्षर मऊ वळतं, आणि बहुतेक वेळा खाचेत थोडं ग्लेझ साचून अक्षर गडद झालेलं असतं. नंतर खरवडलेलं अक्षर पांढुरकं, भुकटी सुटल्यासारखं, कडा तुटक्या, वळणं कोनात मोडलेली, आणि ग्लेझच्या वरून गेलेलं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग खिशात मावतं. ते नसताना मी महागाची खरेदी करत नाही.

खाली कागदी स्टिकर असेल तर तो कृपा करून काढू नका! धुताना तर मुळीच पाण्यात बुडवू नका. दुकानाचं नाव, कारखान्याचं सोनेरी लेबल, काहीही असू शकतं. किंमत शिलिंग आणि पेन्समध्ये लिहिलेली असेल तर ते भांडं १४ फेब्रुवारी १९६६ च्या आधी दुकानात होतं इतकं तरी पक्कं, कारण त्या दिवशी ऑस्ट्रेलियात डॉलर आणि सेंट आले. एवढीशी चिठ्ठी पण तारखेचा पुरावा.

मेलबर्नच्या बाहेरची नावं मी थोडी भरभर सांगते, प्रत्येकावर लिहायचं तर रात्र पुरणार नाही. टास्मानियात लॉन्सेस्टनला जॉन कॅम्बेलची पॉटरी, खाली कोरलेलं जॉन कॅम्बेल टास्मानिया आणि कित्येकदा वर्ष, त्यामुळे तारखेचा प्रश्न सुटलेला, तशीच मॅकह्यूची. तिथेच बॉथवेलला रॅथो नावाच्या जागेवर मॉड पॉइंटर लाकडाची भट्टी पेटवून एकटीने काम करायची, तिचं भांडं समोर आलं तर मी तरी हात जोडेन. पर्थकडे सुबियाकोला वेम्बली वेअर, १९४६ पासून, चमकदार लस्टर ग्लेझमधले मासे, बेडूक, शिंपले. काहींना ते भडक वाटतात, मला वाटत नाहीत, समुद्राकाठच्या शहराने समुद्रातलंच बनवलं ह्यात काय चूक. सिडनीची डायना पॉटरी मॅरिकव्हिलला, हाताने रंगवलेली फुलं, ती तर अजून इतकी मिळते की विद्यार्थ्यांनाही परवडते.

पण ब्रिस्बेनला थांबायलाच हवं. लुईस जार्विस हार्वी नावाचे लाकूडकोरीव काम करणारे शिल्पकार होते, त्यांनी १९१६ पासून तिथल्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात पॉटरी शिकवायला सुरुवात केली आणि शिकायला आल्या मुख्यतः घर सांभाळून येणाऱ्या बायका. चाक नाही. वळ्या रचायच्या, पाट्या जोडायच्या, मग वरून वेगळ्या रंगाच्या मातीचा थर द्यायचा आणि तो कोरून खालचा रंग बाहेर काढायचा. शिक्षक लाकूडकोरीव कामातले, त्यामुळे त्या सगळ्या भांड्यांवर सुरीचा हात दिसतो, कडा धारदार, पानं खोल. आणि ह्या बायका खाली आपलं नाव किंवा आद्याक्षरं आणि तारीख कोरायच्या! कारखाना नव्हता ना, मग दुसऱ्या कोणाचं नाव कशाला घालतील. हार्वी स्कूल म्हणून हे काम ओळखलं जातं आणि ओळखीची खूण हीच, चाकाच्या वाटा आत नाहीत, भिंत जाड, वजन हातात अपेक्षेपेक्षा जास्त, कोरीव काम लाकडासारखं, आणि खाली एखाद्या बाईचं नाव जे कुठल्याच मोठ्या यादीत सहज सापडत नाही. मग शोधायला बसायचं. जुनी वर्तमानपत्रं नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्ह नावाच्या साइटवर फुकट वाचता येतात, त्यात हस्तकला प्रदर्शनांच्या बातम्या, बक्षीस मिळालेल्यांच्या याद्या असतात, तिथे ते नाव कधीतरी अचानक समोर येतं, पहिलं बक्षीस, मातीकाम. त्या क्षणी मला किती आनंद होतो ते लिहून सांगता येत नाही.

खोड आणि डागडुजी. लावलेली पानं, गमनट, कोआलाचे कान, हे सगळे भाग बाहेर आलेले असतात त्यामुळे टवका आधी तिथेच उडतो. छोटा टवका मला चालतो, नव्वद वर्षं घरात वापरलेल्या वस्तूला तो असणारच, पण लपवलेली डागडुजी चालत नाही. तपासायला यूव्ही टॉर्च घ्या, अंधारात टाकली की नंतर लावलेला रंग आणि गोंद मूळ ग्लेझपेक्षा वेगळे चमकतात, पांढुरके किंवा पिवळट डाग म्हणून उठून दिसतात. टॉर्च नसेल तर नखाने हलकं टकटक करा, ग्लेझचा आवाज कडक येतो, रंगाचा बोथट. पूर्ण भांडं तळहातावर धरून बोटाने टिचकी मारली आणि आवाज फुटका आला तर कुठेतरी तडा आहे. फक्त हे लक्षात ठेवा की कमी तापमानाला भाजलेली अर्थनवेअर मुळातच जास्त तापमानाला भाजलेल्या स्टोनवेअरसारखी खणखणत नाही, तेव्हा दोन्हींना एकच माप लावू नका. ग्लेझमधल्या बारीक जाळीदार रेषा म्हणजे क्रेझिंग, तो तडा नव्हे, त्याला घाबरून चांगलं भांडं सोडू नका.

आणि हे मात्र मनापासून सांगते, ह्या भांड्यांतून खाऊ-पिऊ नका. त्या काळच्या कमी तापमानाच्या ग्लेझमध्ये शिसं सर्रास असायचं. ग्लॅडिस रेनेल, दक्षिण ऑस्ट्रेलियातली चित्रकार आणि पॉटर, पहिल्या महायुद्धात मार्गारेट प्रेस्टनबरोबर इंग्लंडमध्ये जखमी मनाच्या सैनिकांना मातीकाम शिकवलेली बाई, तिने नवऱ्याबरोबर बॅलरॅटला ऑस्रे पॉटरी काढली, निळ्या स्लिपवर (पातळ रंगीत मातीच्या थरावर) कोरलेली साधी, ठसठशीत भांडी केली, आणि १९२६ मध्ये ती पॉटरी बंद करावी लागली कारण नवऱ्याला शिशाची विषबाधा झाली. बनवणाऱ्याला झालं ते वापरणाऱ्याला तेवढं होणार नाही हे खरं, पण आंबट काही त्यात ठेवायचं नाही म्हणजे नाही. फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा ग्लास ठेवून त्यात पाणी घाला, क्रेझिंग झालेल्या भांड्यातून पाणी झिरपतं आणि टेबलावर पांढरं वर्तुळ उमटतं.

भावाचं विचाराल तर माझं मत असं आहे की नावावर पैसे कमी घाला आणि कामावर जास्त. मेरिक बॉईडची चांगली भांडी लिलावात हजारो डॉलरला जातात, रेम्यूडवर कोआला किंवा पॉसम बसला असेल तर भाव उडी मारतो, साधं पानाचं तेच भांडं त्याच्या कितीतरी खाली. पण त्याच काळातली, त्याच तोडीची, नाव नसलेली भांडी लोक शिळ्या सामानासारखी बाजूला टाकतात. माझ्या घरी सगळ्यात जास्त हाताळली जाणारी फुलदाणी बिननावाची आहे. बुटकी, चाकावरची, बुडाला तारेची वळणदार खूण, माती लालसर, आत मधासारखं पारदर्शक ग्लेझ, बाहेर एका अंगाला गडद हिरवं ओघळलेलं आणि तळाच्या एक बोट आधी थांबलेलं. ते थांबलेलं ग्लेझ बघा म्हणते मी येणाऱ्या प्रत्येकाला. ग्लेझ किती जाड लावलं, भट्टी किती तापवली, किती वेळ ठेवली, हे सगळं ज्याला बरोबर जमलं त्याचंच ग्लेझ तळाच्या आधी थांबतं, नाहीतर ते वाहून भट्टीतल्या शेल्फला चिकटतं आणि मग बूड घासून सुटं करावं लागतं. तेव्हा बनवणारा किंवा बनवणारी शिकाऊ नव्हती.

अशा भांड्यांसाठी मी एक सवय लावून घेतलीये. प्रत्येकाच्या आत एक कागद. त्यावर कुठे घेतलं, कधी घेतलं, विकणाऱ्याने काय सांगितलं (कुणाच्या आजीचं, कुठल्या गावचं), मातीचा रंग, घडवण्याची पद्धत, ग्लेझचे रंग, आणि मला काय वाटतं व का वाटतं. वाटतं आणि माहीत आहे ह्या दोन गोष्टी वेगळ्या ओळीत, कारण पुढच्या माणसाला माझा अंदाज पुरावा म्हणून मिळायला नको. मग संधी मिळेल तेव्हा खरं काम बघायला जायचं, फोटोत नाही, समोर. शेपर्टनच्या आर्ट म्युझियममध्ये सिरॅमिक्सचा मोठा संग्रह आहे, मेलबर्नहून गाडीने दोन-अडीच तास, नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियामध्ये मेरिक बॉईड आणि क्लायटी पेट दोघांचंही काम आहे, सिडनीला पॉवरहाउसचा संग्रह आहे. सगळं एका वेळी मांडलेलं नसतं, पण ऑनलाइन कॅटलॉगमध्ये बुडाचे फोटोही कधीकधी असतात आणि मला तेच हवे असतात.

त्या बिननावाच्या फुलदाणीच्या कागदावर सध्या लिहिलंय, व्हिक्टोरिया, १९३० चं दशक, चाकावरची, पीपीपीच्या सुरुवातीच्या कामाशी बुडाची पद्धत जुळते, ग्लेझ जुळत नाही. पुढच्या महिन्यात सही असलेलं एक पीपीपीचं भांडं बघायला मिळणार आहे, मालकीणबाईंनी उलटं करून हातात घ्यायची परवानगी दिलीये, तेव्हा ही पिशवीत घालून घेऊन जाणार, दोन्हींची बुडं शेजारी शेजारी ठेवून तारेच्या खुणेचं वळण कुठल्या बाजूला जातं ते आधी बघायचंय.